तीन अंड्यांचा प्रश्न

पलादिया नावाची एक बाई होती. आजार जुना होता आणि वैद्य करता करता जवळचं किडूकमिडूकही संपलं होतं. शेवटी ती कोस्मास आणि दामियान या दोन भावांकडे आली आणि खडखडीत बरी झाली. हे दोघे वैद्य कुणाकडून काहीच घेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तरी एवढं मोठं ऋण डोक्यावर घेऊन घरी जाणं तिच्या जिवावर आलं. दामियानला तिनं एकटं गाठलं, तीन अंडी त्याच्यापुढे धरली आणि देवाची शपथ घातली. देवाचं नाव मध्ये आल्यावर दामियानला नाही म्हणवेना. त्यानं अंडी घेतली.

कोस्मासला हे कळलं तेव्हा तो इतका दुखावला की त्यानं सांगून ठेवलं, मेल्यावर मला माझ्या भावाशेजारी पुरू नका.

पुढे दोघांनाही ख्रिस्ती श्रद्धेपायी मरण आलं. त्यांचे देह घेऊन लोक खोळंबून राहिले. खड्डा एक खणायचा की दोन? गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा, आणि एकाच वेळी जन्मलेल्या, एकाच वेळी मेलेल्या जुळ्या भावांची ताटातूट करायची कशी? तेवढ्यात एक उंट तिथे आला. या भावांनी कधीकाळी त्यालाही बरं केलं होतं. तो माणसाच्या आवाजात बोलला. दोघांना एकत्रच ठेवा, असं त्यानं सांगितलं. दामियाननं अंडी घेतली होती ती देवाच्या नावाचा मान राखायला, ती त्याची फी नव्हती.

ही आख्यायिका मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बोलणाऱ्या उंटापेक्षा त्या अंड्यांनी मला जास्त थक्क केलं. संतचरित्रांत शुद्धतेच्या कसोट्या मोठ्या असतात: राजवैभव नाकारणं, वाघसिंहांपुढे उभं राहणं, आगीत शिरणं. इथे कसोटी आहे तीन अंड्यांची. दोन सख्ख्या भावांमध्ये फूट पडते ती एका नाश्त्याच्या ऐवजावरून.

त्या ऐवजाची किंमतही आपल्याला काढता येते. ज्या रोमन सम्राटाच्या काळात हे भाऊ मारले गेले असं परंपरा सांगते, त्या डायोक्लेशियननं इ. स. ३०१ मध्ये महागाई रोखण्यासाठी एक फर्मान काढलं आणि साम्राज्यातल्या शेकडो वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले. ते फर्मान ठिकठिकाणी दगडात कोरलं गेलं, म्हणून त्याचे तुकडे आजही वाचता येतात. त्यात अंड्यांचा भाव आहे चार देनारियसला चार. शेतमजुराची दिवसाची मजुरी, जेवण धरून, पंचवीस देनारियस. म्हणजे पलादियाची भेट मजुराच्या एका दिवसाच्या कमाईच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढी. देनारियस हे मुळात चांदीचं नाणं. या दोन भावांना ग्रीक भाषेत जे बिरुद मिळालं, त्यात नेमकी चांदीच नाकारलेली आहे. ते बिरुद म्हणजे ‘अनार्गिरोइ’. ‘अर्गिरोस’ म्हणजे चांदी, ‘अन्’ म्हणजे नसलेला. आपल्या ‘अनादि’, ‘अनंत’ या शब्दांतला नकार तोच हा नकार. अनार्गिरोइ म्हणजे चांदीला हात न लावणारे, बिनपैशाचे वैद्य. अथेन्समधल्या एका उपनगराचं नाव आजही ‘पवित्र अनार्गिरोइ’ असंच आहे. त्या नावाचं रेल्वे स्थानकही तिथे आहे.

इतिहासाच्या हाती या भावांविषयी ठोस असं थोडंच लागतं. परंपरा सांगते की ते जुळे होते, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, तेव्हाच्या किलिकिया प्रांतातल्या एगाई या बंदरात ते वैद्यकी करत. माणसांबरोबर जनावरांवरही उपचार करत. लिसियास नावाच्या अधिकाऱ्यापुढे त्यांना उभं करण्यात आलं. समुद्रात बुडवणं, जाळणं, दगड, बाण असं सगळं त्यांच्यावर झालं आणि व्यर्थ गेलं. अखेर शिरच्छेद झाला. त्यांच्याबरोबर त्यांचे आणखी तीन भाऊही मारले गेले. पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंचांगात तर कोस्मास-दामियान नावाच्या तीन वेगवेगळ्या जोड्या आहेत, तीन वेगवेगळ्या दिवशी त्यांचे सण. एकाच आठवणीच्या या तीन सावल्या असाव्यात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या आठवणीचा एक खुंटा मात्र जमिनीत पक्का रोवलेला आहे. उत्तर सिरियातल्या किर्‍हस या गावी त्यांची समाधी होती, आणि पाचव्या शतकात तिथले बिशप असलेल्या थिओडोरेटनं त्यांच्या नावाच्या देवळाचा उल्लेख करून ठेवला आहे.

मग हे दोघे पैसे का घेत नव्हते? गरिबांची दया हे सरळ उत्तर झालं. त्याच्या मागे एक खोल विचार आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या बारा शिष्यांना रोग्यांना बरं करायला पाठवतो, तेव्हा या देणगीचं मोल घेऊ नका असं बजावतो, कारण त्यांनाही ती मोल न देताच मिळालेली असते. बरं करण्याची शक्ती वैद्याच्या मालकीची नाही, तो फक्त ती पोचवणारा आहे. जे आपलं नाही ते विकायचं कसं? या दृष्टीनं पाहिलं तर कोस्मासचा राग समजतो. त्याच्या लेखी तीन अंडी घेणं म्हणजे देवाच्या मालाची तीन अंड्यांना विक्री होती.

आपल्याकडे चरकसंहितेनंही हा प्रश्न तितक्याच कळकळीनं विचारला आहे. पोटासाठी चिकित्सेचा बाजार मांडणारा वैद्य सोन्याची रास सोडून धुळीच्या राशीमागे लागतो, असं तिथे म्हटलं आहे. दोन भूमी, दोन श्रद्धा, आणि अस्वस्थता तीच.

आता एगाई या गावाकडे परत जाऊ, कारण तिथेच पुढचं आश्चर्य दडलेलं आहे. हे गाव ख्रिस्ती वैद्यांच्या आधीही रोग्यांनी गजबजलेलं होतं. तिथे आस्क्लेपियस या ग्रीक आरोग्यदेवाचं नावाजलेलं मंदिर होतं. रोगी त्या मंदिरात रात्री झोपायचे. स्वप्नात देव यायचा, हात फिरवायचा, औषध सांगायचा, कधी शस्त्रक्रियाही करायचा. सकाळी माणूस बरा होऊन उठायचा आणि देवाला त्याची भेट चुकती करायचा. ही भेट टाळली तर देव रागावल्याच्या कथा ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या मंदिरात दगडावर कोरलेल्या आहेत. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टँटाइनच्या आज्ञेनं एगाईचं हे मंदिर पाडण्यात आलं, अशी नोंद त्याचा चरित्रकार बिशप युसेबियस यानं केली आहे. ज्या गावात आरोग्यदेवाचं मंदिर पडलं, नेमकं त्याच गावाच्या नावावर फी न घेणाऱ्या दोन वैद्यांची कीर्ती वाढत गेली.

आणि रोगी? ते तसेच झोपत राहिले, फक्त छप्पर बदललं. कॉन्स्टँटिनोपलच्या भिंतीबाहेर, सोनेरी शिंगाच्या खाडीच्या टोकाशी, आजच्या इस्तंबूलमधल्या एयुपच्या आसपास या संतांचं मोठं देऊळ होतं. त्याला ‘कोस्मिदिओन’ म्हणत. सम्राट जस्टिनियन एकदा मरणाच्या दारात पोचला, वैद्यांनी आशा सोडली, तेव्हा हे दोघे त्याला दर्शन देऊन गेले आणि तो उठून बसला. इतिहासकार प्रोकोपियस हे सांगतो आणि पुढे लिहितो की सम्राटानं कृतज्ञतेनं ते साधंसं देऊळ भव्य आणि प्रकाशमान करून बांधलं. दुखणेकऱ्यांना होड्यांत घालून लोक तिथे नेत. पाण्यावरून येतानाच टेकाडावरचं देऊळ दिसे आणि तिथूनच त्यांना धीर येई.

तिथल्या रात्रींचं वर्णन चमत्कारांच्या एका संग्रहात शिल्लक आहे. देवळात अंथरुणांच्या रांगा लागलेल्या असतात. मध्यरात्री दोन वैद्य रोग्यांमधून फेरी मारतात, एकेकापाशी थांबतात, विचारपूस करतात. आजच्या रुग्णालयात डॉक्टर राउंडला येतात, अगदी तसेच. मेणात कालवलेलं एक मलम ही त्यांची खूण होती. देवळात ते सगळ्यांना मिळायचं. एका बाईची गोष्ट तर विलक्षण आहे. तिनं घरच्या भिंतीवर या संतांची चित्रं काढून घेतली होती. एकदा पोटात असह्य कळा उठल्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं चित्राचा गिलावा नखांनी खरवडला, पाण्यात घालून प्यायली, आणि कळ थांबली. हीच गोष्ट इ. स. ७८७ मध्ये निकाया इथल्या धर्मपरिषदेत भर सभेत वाचून दाखवण्यात आली. धार्मिक चित्रं ठेवावीत की नष्ट करावीत, या प्रश्नावर ख्रिस्ती जग तेव्हा दुभंगलं होतं. चित्रांच्या बाजूनं पुढे आलेल्या पुराव्यांत पोटदुखीनं कळवळणाऱ्या एका अनामिक बाईचाही पुरावा होता.

त्याच संग्रहात आणखी एक रोगी भेटतो. तो ख्रिस्ती नाही. तो या देवळात येतो आणि कॅस्टर व पोलक्स या जुन्या ग्रीक जुळ्या देवांना हाका मारतो. त्याला वाटतं, इथे राहणारे जुळे तेच असणार. संत त्याच्यापुढे येतात आणि सांगतात, आम्ही ते नव्हेत.

इथे मराठी वाचकाचे कान टवकारले जातील. कारण जुळे, वैद्य, संकटात धावून येणारे म्हटलं की आपल्याला अश्विनीकुमार आठवतात. ग्रीक जुळे आणि आपले अश्विनीकुमार हे एकाच प्राचीन इंडो-युरोपीय कल्पनेचे दोन फाटे असावेत, असं तौलनिक अभ्यासक फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्विनीकुमारांनी विश्पला हिला लोखंडी पाय बसवल्याचा उल्लेख आहे. तो पाय ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला आणखी एक पाय भेटायचा आहे. आणि मोबदला? तैत्तिरीय संहितेत यज्ञाचं तुटलेलं शिर जोडण्यासाठी देव अश्विनीकुमारांना बोलावतात. माणसांत वावरणारे वैद्य म्हणून त्यांना सोमरसात वाटा नव्हता. काम करण्याआधी ते आपला वाटा मागून घेतात आणि तो त्यांना मिळतो. आपल्या जुळ्या वैद्यांनी मानानं आपला हक्क मागून घेतला, किलिकियाच्या जुळ्या वैद्यांनी तीन अंडीही नको म्हटलं. श्रमाचा मान आणि देणगीची पवित्रता, वैद्यकाला या दोन्ही टोकांचा ताण पहिल्यापासून जाणवत आलेला आहे.

अनार्गिरोइ काही हे दोघेच नव्हते. ऑर्थडॉक्स चर्चमध्ये पवित्र भाकरीची तयारी करताना धर्मगुरू बिनपैशाच्या वैद्यांचं स्मरण करतो, त्यांत जोड्या येतात: कोस्मास आणि दामियान, कीरोस आणि योहान, पांतेलेइमोन आणि त्याचा गुरू हेर्मोलाओस. पांतेलेइमोन निकोमेडियाचा तरुण वैद्य, इ. स. ३०५ च्या सुमारास मारला गेला. इटलीतल्या राव्हेल्लो गावात त्याच्या नावाची रक्ताची कुपी जपलेली आहे. २७ जुलैच्या सणाच्या सुमारास तिच्यातलं गोठलेलं रक्त पातळ होताना पाहायला भाविक दाटीवाटीनं जमतात.

कीरोस अलेक्झांड्रियाचा वैद्य आणि योहान सैनिक. अलेक्झांड्रियाजवळ मेनुथिस इथे इसिस देवीचं उपचारस्थान होतं. परंपरेनुसार पाचव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष सिरिल यानं या दोघांचे अवशेष तिथे आणवले. लोक ‘अब्बा कीर’ म्हणजे कीरबाबा म्हणू लागले. कालांतरानं त्याचं झालं अबू कीर, आणि गावालाच ते नाव पडलं. १७९८ मध्ये नेल्सननं नेपोलियनचं आरमार जिथे बुडवलं, ती अबूकीरची खाडी हीच. तोफांच्या धुरात ज्या खाडीचं नाव युरोपभर गाजलं, ते नाव मुळात फी न घेणाऱ्या एका वैद्याचं होतं, याची कल्पना किती खलाशांना असेल!

मेनुथिसच्या या संतांच्या देवळात डोळे बरे झाले म्हणून सोफ्रोनियस नावाच्या एका भिक्षूनं कृतज्ञतेनं सत्तर चमत्कार लिहून काढले. पुढे जेरुसलेमचा धर्मप्रमुख असताना खलिफा उमरच्या हाती शहर सोपवण्याची वेळ ज्याच्यावर आली, तोच हा सोफ्रोनियस. त्याच्या संग्रहातला गेसियस हा विद्वान वैद्य म्हणायचा, संतांचे उपाय काही दैवी नाहीत, ते सगळे हिपॉक्रेटिस आणि गेलेन या जुन्या ग्रीक वैद्यांच्या पुस्तकांत आहेत. मग तोच आजारी पडला आणि पुस्तकांतल्या कुठल्याच उपायाला दाद मिळेना. संतांनी त्याला स्वप्नात उपाय सांगितला: पाठीवर गाढवाचं खोगीर, गळ्यात घंटा, तोंडात लगाम, आणि देवळाभोवती फिरत मी मूर्ख आहे असं ओरडायचं. त्यानं ते केलं आणि तो बरा झाला. या गोष्टीला धार आहे. उपाय फुकट होता. द्यावा लागला तो फक्त अहंकार.

गेलेनचं नाव निघालंच आहे तर रोमला जाऊ. रोमच्या जुन्या फोरममध्ये, ‘पवित्र मार्गा’ला लागून, या संतांचं देऊळ आजही उभं आहे. पोप चौथे फेलिक्स यांनी इ. स. ५२६ ते ५३० या काळात शांतिमंदिराच्या परिसरातल्या एका जुन्या रोमन दालनात ते वसवलं. दुसऱ्या शतकात याच भागात वैद्य जमत, वादविवाद करत. याच भागातल्या कोठारांत गेलेननं आपली पुस्तकं, औषधं आणि उपकरणं ठेवली होती. इ. स. १९२ च्या आगीत ती सगळी भस्मसात झाली. त्या नुकसानीविषयी त्यानं लिहिलेला निबंध शतकानुशतकं हरवला होता. २००५ मध्ये एका तरुण फ्रेंच संशोधकाला तो ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या एका मठातल्या हस्तलिखितात सापडला. रोममध्ये गेलेनच्या त्या कोठारांजवळच मिऱ्यांची सरकारी कोठारं होती, आणि रोमला मिरी यायची ती आपल्या पश्चिम समुद्रावरून, मलबारच्या किनाऱ्यावरून. भारताची मिरी, गेलेनची पुस्तकं आणि बिनपैशाचे वैद्य, सगळे एकाच रस्त्याच्या कडेला!

देवळाच्या अर्धगोल छतावर सहाव्या शतकातलं काचेच्या तुकड्यांचं चित्र आहे. गडद निळ्या आभाळात तांबूस-सोनेरी ढगांच्या पायऱ्यांवरून ख्रिस्त उतरतो आहे, आणि पीटर व पॉल दोन वैद्यांना खांद्याला धरून त्याच्यापुढे नेत आहेत. वैद्यांच्या हातांत रक्तसाक्ष्यांचे, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करणाऱ्यांचे, मुकुट आहेत. सतराव्या शतकात ओल टाळण्यासाठी जमीन कित्येक मीटर उंच करण्यात आली, त्यामुळे ते चेहरे आज मूळच्यापेक्षा जवळून पाहता येतात. चित्राखालच्या लॅटिन ओळींत या रक्तसाक्षी वैद्यांचा गौरव आहे, आणि त्यात ‘सालुस’ हा शब्द आला आहे. लॅटिनमध्ये सालुस म्हणजे आरोग्य, आणि सालुस म्हणजेच तारण. शरीर बरं होणं आणि जीव तरणं यांच्यासाठी एकच शब्द. या संतांच्या लोकप्रियतेचं मर्म त्या एका शब्दात आहे.

रोमन मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत संतांची जी प्राचीन यादी आहे, तिच्यातल्या एका मालिकेची शेवटची दोन नावं कोस्मास आणि दामियान यांची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशी भाषा वेदीवर आल्या, तोवर ही प्रार्थना लॅटिनमध्येच हलक्या आवाजात म्हटली जायची. म्हणजे गोव्यात आणि वसईत जिथे जिथे घंटा वाजून मिस्सा झाली, तिथे तिथे चारशे वर्षं रोज या दोन वैद्यांची नावं धर्मगुरूंच्या ओठांवर येत राहिली. गोव्यात कोस्मे हे नाव आपल्या ओळखीचं आहे. ते याच कोस्मासचं पोर्तुगीज रूप.

पोर्तुगीजांनीच हे दोघे ब्राझीललाही नेले. तिथल्या इगारासू गावचं त्यांचं देऊळ १५३५ सालचं, त्या देशातल्या सर्वांत जुन्या देवळांत गणलं जाणारं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांच्या मनात ‘इबेजी’ नावाची जुळी दैवतं आधीपासून होती. त्यांनी जुळ्यांना जुळ्यांमध्ये ओळखलं. आज सप्टेंबरच्या अखेरीस त्यांच्या सणाला रिओच्या रस्त्यांवर मुलं खाऊच्या पिशव्या गोळा करत फिरतात. दारोदार मिठाई वाटली जाते, फुकट. तिकडे रशियात हेच दोघे कुझ्मा आणि देम्यान होऊन लोहारांचे आणि कोंबड्यांचे रक्षक झाले. त्यांचा दिवस तिथे कोंबड्यांचा सण म्हणून साजरा व्हायचा. पॅरिसच्या शल्यवैद्यांनी आपल्या संघाला संत कोमचं, म्हणजे कोस्मासचं नाव दिलं. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानं तर त्यांना कुलदैवतासारखं मानलं, कारण ‘मेदिची’ म्हणजे वैद्य. युरोपातली सर्वांत मोठी पेढी चालवणाऱ्या घराण्यानं चांदी नाकारणाऱ्यांच्या पायांशी डोकं टेकलं. कोसिमो मेदिचीनं सान मार्कोच्या मठासाठी फ्रा अँजेलिकोकडून जे वेदीचित्र करून घेतलं, त्याच्या तळपट्टीवर पलादियाही आहे आणि बोलणारा उंटही.

आणि त्याच तळपट्टीवर तो दुसरा पाय आहे.

तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने या डोमिनिकन संन्याशानं संतकथांचा जो विख्यात संग्रह केला, त्यात ही कथा येते. रोममधल्या या संतांच्या देवळातल्या एका सेवकाचा पाय रोगानं सडला होता. तो झोपला असताना दोघे वैद्य मलम आणि हत्यारं घेऊन आले. एकानं विचारलं, सडलेलं मांस कापल्यावर ही जागा भरायची कशानं? दुसरा म्हणाला, आजच एका इथिओपियन माणसाला पुरलं आहे, त्याचा पाय आणू. सेवक जागा झाला तेव्हा वेदना नव्हती. दिवा धरून पाहतो तर एक पाय गोरा, एक काळा. लोकांनी कबर उघडली. मेलेल्या माणसाच्या देहाशेजारी सेवकाचा सडका पाय ठेवलेला होता.

चित्रकारांना या काळ्या-गोऱ्या पायानं शतकानुशतकं झपाटून टाकलं. अवयव प्रत्यारोपणाच्या इतिहासाची सुरुवात अनेक पुस्तकं याच चित्रांनी करतात. प्रत्यक्षात ते किती अवघड होतं, हे विज्ञानाला फार उशिरा कळलं. आपलं शरीर परक्या पेशी ओळखतं आणि त्यांच्यावर तुटून पडतं. म्हणून पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं ते २३ डिसेंबर १९५४ रोजी, बॉस्टनमध्ये, एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. एकाच गर्भपेशीतून आलेल्या दोन शरीरांना एकमेकांचा अवयव परका वाटला नाही. ते करणारे जोसेफ मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं आल्यावर मग परक्याचा अवयवही टिकू लागला. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथे हात बसवला गेला, २०११ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया इथे एका माणसाला दोन्ही पाय. जुळ्या संतांच्या स्वप्नातली शस्त्रक्रिया प्रत्यक्षात उतरायची होती, तर तिचा पहिला दरवाजा जुळ्यांनीच उघडावा, हा योगायोग मला अजून थरारून सोडतो.

पण त्या काळ्या पायापाशी मी थांबतो, कारण या सगळ्या कथांमधला सर्वांत अवघड प्रश्न तिथे आहे. सेवकाला काही द्यावं लागलं नाही, वैद्यांनी काही घेतलं नाही. मग किंमत कुणी मोजली? त्या इथिओपियन माणसानं. त्याचं नाव कथेत नाही. त्याला कुणी विचारलं नाही. स्पेनमधल्या व्हायादोलिदच्या संग्रहालयात सोळाव्या शतकातलं एक लाकडी शिल्प आहे. त्यात हा काळा माणूस मेलेला नाही. तो जिवंत आहे, जमिनीवर पडला आहे, आणि तुटल्या पायाच्या वेदनेनं कळवळतो आहे. ते पाहिल्यावर ‘फुकट’ या शब्दाकडे पुन्हा पाहावं लागतं. उपचार बिनपैशाचा असला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. एकाला फुकट मिळालेलं दुसऱ्याकडून हिसकावलेलं नाही ना, हेही पाहावं लागतं.

आपल्या देशानं या प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहिलं आहे. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा दोन गोष्टी एकत्र सांगतो: अवयवाचा पैशानं व्यवहार हा गुन्हा आहे, आणि देणाऱ्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या संमतीशिवाय अवयव घेता येत नाही. हा कायदा प्रथम ज्या तीन राज्यांत लागू झाला, ती होती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. आज मध्यरात्री एखाद्या शहरात रुग्णवाहिकेसाठी सगळे सिग्नल मोकळे केले जातात आणि बर्फाच्या पेटीतून एक हृदय धावत निघतं. त्या हृदयाला किंमत नसते. दुःखानं कोसळलेल्या एका घरानं, त्याच रात्री, परक्या माणसासाठी हो म्हटलेलं असतं. शल्यवैद्याला पगार मिळतो आणि मिळायलाच हवा. पण सगळ्या शस्त्रक्रियेच्या गाभ्यातली ती एक वस्तू चांदीला शिवलेली नसते. अनार्गिरोइ आता वैद्याच्या जागेवरून दात्याच्या जागेवर येऊन बसले आहेत. त्या इथिओपियन माणसाला जे कुणी विचारलं नाही, ते आता विचारावंच लागतं.

आणि पलादिया? देव, गुरू आणि वैद्य यांच्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. बरं झालेलं माणूस डॉक्टरांच्या टेबलावर घरच्या झाडाचे चार आंबे, शेतातली काकडी, कुठे नारळांची एखादी जोडी ठेवतं आणि डॉक्टरांनी नको म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो. कारण ऋण फेडता येत नाही हे त्यालाही कळत असतं, पण ते मान्य केल्याची काहीतरी खूण हातून जावी असं वाटतं. कोस्मासला त्या तीन अंड्यांत बाजाराची चाहूल लागली. दामियानला त्यांत एका बाईचं मन दिसलं. दोघांचंही बरोबर होतं. वैद्याच्या मनात कोस्मास नसेल तर चिकित्सेचं दुकान होतं, आणि दामियान नसेल तर समोरचं माणूस दिसेनासं होतं. सतराशे वर्षांपूर्वीच्या लोकांना हे शब्दांत मांडता आलं नसेल. म्हणून त्यांनी एका उंटाला वाचा दिली आणि दोघांना एकाच कबरीत ठेवलं.